नो क्लेम

विटांवर चढवलेल्या गाडीत बसून उजवीकडे वळण्याचा हात दाखवणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी नऊ वर्षं पाहिला, रोज सकाळी, दात घासता घासता. आमचे शेजारी तात्या. नाशकात गंगापूर रोडवर आमची आणि त्यांची कुंपणाची भिंत एकच. भिंतीपलीकडे त्यांची जुनी पांढरी गाडी, स्टिअरिंगलाच गिअर असलेली, चाकं जमिनीपासून चार बोटं वर. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून आत बसायचे, आरसा नीट करायचे, क्लच दाबून गिअर टाकायचे, आणि मग हात बाहेर.

"तात्या, कुठपर्यंत पोचलात?" मी भिंतीवरून विचारायचो.

"द्वारका चौक ओलांडला. ट्रॅफिक फार," ते न हसता सांगायचे.

मी विम्याच्या ऑफिसात कारकून. डब्याच्या सुट्टीत हा किस्सा मी इतक्यांदा सांगितला की लोक फर्माईश करू लागले. हसवणारा माणूस म्हणून मला तिथे जरा किंमत होती.

तात्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यामुळे राग आला की त्यांचं डोकं 'ट्रिप' व्हायचं आणि काकूंनी चहा दिला की 'लोडवर' यायचं. पण त्यांचा खरा लाडका शब्द आमच्या खात्यातला होता : 'नो क्लेम'. वर्षभरात भरपाई मागितली नाही, तर पुढच्या विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. तात्यांनी ती चढवत चढवत अगदी वरच्या टोकाला नेली होती. पाहुणा आला की पोह्यांच्या आधी पॉलिसी बाहेर यायची. "वाचा. नो क्लेम! एक ओरखडा नाही." पुढे पुढे तो शब्द सगळ्यालाच लागू झाला. दूध नासलं, "जाऊ दे, नो क्लेम." सख्ख्या पुतण्याने लग्नाला बोलावलं नाही, तरी "नो क्लेम."

चौऱ्याण्णव साली ती सूट गेली. मालेगावहून येताना, गावाबाहेरच, गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं. यंत्रमागावर काम करणारा माणूस. पाय मोडला तो कायमचा आखूड राहिला. विमा कंपनीने भरपाई दिली, तात्या कोर्टात उभे राहिले, दंड भरून आले. दर दिवाळीला एसटीने त्याला भेटायलाही जायचे. गाडी मात्र काही दिवसांतच विटांवर चढली आणि विमा संपला तो संपला. म्हातारा घाबरला, असं कॉलनी म्हणाली. मीही म्हणालो.

नऊ वर्षांनी काकूंना अर्धांगाचा झटका आला. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यायचं, आणि रिक्षात त्यांना काही केल्या चढवता येईना.

"नंदू, गाडीच्या पुढच्या सीटवर ही बरोबर बसते. बसवून पाहिलं," तात्या म्हणाले. "विमा काढू. पण पेन्शनीत बसेल असा."

मी त्यांना आमच्या साहेबांपुढे नेलं. साहेबांनी कागद चाळले. "जुनी सूट गेली, तात्या. गाडी तपासावी लागेल. शिवाय पूर्वीचा अपघात आहे, म्हणजे हप्ता जास्त."

"सूट कशी गेली? नऊ वर्षांत मी कुणाला धक्का लावलेला नाही. असा ड्रायव्हर नाशकात दुसरा दाखवा!"

"अहो, नऊ वर्षांत तुम्ही गाडी चालवलीच नाही!"

"म्हणून तर!"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. मग साहेब जरा नरमले. "हे बघा, तेव्हा गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर सांगा. तो जादा हप्ता मी लावत नाही. नंदू, अर्ज भर."

पेन माझ्या हातात होतं. तात्या वर पंख्याकडे बघत होते.

गाडी मी चालवत होतो. मालेगावहून येताना मीच हट्टाने चावी मागितली होती. लायसन्स नव्हतं, विम्याच्या ऑफिसातली नोकरी नवीन, कायम व्हायची होती. लोक धावत येताना दिसले तेव्हा तात्या म्हणाले, "सरक इकडे," आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले. मी सरकलो. तेव्हापासून सरकलेलाच आहे.

"मीच चालवत होतो, साहेब," तात्या म्हणाले.

पूर्ण विमा त्यांना परवडेना. त्यांनी नुसता थर्ड पार्टी काढला. आपल्या गाडीचं काही झालं तर काही मिळणार नाही, दुसऱ्याला लागलं तर त्याला मिळेल. "हेच बरंय," म्हणाले.

जिन्यात मी त्यांचा हात धरला. "तात्या, वर जाऊन सांगतो."

"कशाला? नोकरी आहे ना अजून?"

"माझ्यापायी तुम्ही इतके घाबरलात की गाडी..."

"घाबरलो? मी?" तात्या थांबले. "अरे, गाडी सुरू झाली की तू खिडकी लावून घ्यायचास. एकदा फाटकात समोर आलास तर पांढराफटक. काकू म्हणाली, पोराला चालती गाडी रोज कशाला दाखवायची? म्हणून चढवली विटांवर." मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरत म्हणाले, "जाऊ दे. नो क्लेम."

आणि त्याच माणसाला मी रोज भिंतीवरून विचारत होतो, कुठपर्यंत पोचलात.

पुढे दीड वर्ष त्यांनी काकूंना दवाखान्यात नेलं, प्रत्येक वळणावर हात दाखवत. आधी काकू गेल्या, मग तात्या. मी वर जाऊन सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

तो अर्ज अजून ऑफिसात फायलीला आहे. 'अपघाताच्या वेळी चालक' या रकान्यात तात्यांचं नाव आहे. अक्षर माझं.