रंग न घेणारा जंतू

"जंतू माज्या हातून सुटूच शकत न्हाय!" असं चन्नबसप्पा दवाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगत असे. तालुक्याच्या त्या सरकारी दवाखान्यात काचपट्ट्या रंगवायचं काम त्याच्याकडं होतं, तेही सहा वर्षं हंगामी! आज मात्र जिल्ह्याचे डॉक्टर सिद्दिकीसाहेब स्वतः त्याचं काम बघायला आले होते. पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर सासऱ्याच्या कडब्याच्या वखारीत जन्म काढायचा.

नमुना होता अणदूरच्या हिंमतरावांच्या खोकल्याचा. चन्नबसप्पानं थुंकी काचेवर पसरली, दिव्यावर शेकली, जांभळा रंग ओतला, मग आयोडीन, मग स्पिरिट, शेवटी लाल. जीव नुसता वरखाली! कपाळाचा घाम पुसावा, काच चाचपावी, पुन्हा कपाळ पुसावं.

साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडलेच, "अरे, ये क्या बला है!"

काचेवर चकाकणारे खडेच खडे! जंतू म्हटला की जांभळा नाहीतर लाल दिसायचा; हे ना जांभळे, ना लाल.

"रंगच नै लेता कमबख्त! नया जंतू है!" साहेबांनी हैद्राबादच्या मोठ्या दवाखान्यास तार करायला शिपाई पिटाळला आणि हिंमतरावांना गावाबाहेरच्या छपरात ठेवायचा हुकूम सोडला.

"आरं, सादा खोकला हाय माजा! काल आंबट ताक पेलो, एवढंच!" हिंमतराव कळवळले.

"मालक, बोलू नका, उडंल!" चन्नबसप्पानं नाकाला उपरणं लावलं.

जंतू दवाखान्यात पसरला की काय, म्हणून साहेबांनी चन्नबसप्पाचीच थुंकी त्याच्याकडूनच रंगवून घेऊन तपासली. तिच्यात दुप्पट खडे! मग त्यांनी स्वतःची दिली. चन्नबसप्पानं तीही रंगवली. तिच्यात तर रासच! साहेब मटकन खुर्चीत बसले.

चन्नबसप्पानं घाबरून पुन्हा कपाळ पुसलं आणि आपल्या बोटांकडं बघतच राहिला. सकाळी लिंगपूजेनंतर त्यानं, आज नोकरीचा निकाल म्हणून, रोजच्या तिप्पट विभूती फासली होती. आता कपाळ लख्ख होतं. सगळी विभूती काचांवर!

बोलावं तर नोकरी गेली. गप्प बसावं तर साहेबांसकट तिघं छपरात! आता रडायचंच तेवढं बाकी राहिलं.

"सायेब, जंतू न्हाय त्यो," तो कसाबसा म्हणाला. "विभूती हाय. माजी!"

साहेबांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "और किसको मालूम है?"

"तुमाला आन् मला."

"तार तो चली गई!" साहेबांनी कपाळाला हात लावला, कागद ओढला आणि सही ठोकली. चन्नबसप्पा कायम! अट एकच, तोंड उघडायचं नाही.

हिंमतराव संध्याकाळी सुटले. चन्नबसप्पानं गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी, साहेब निघायच्या तयारीत असतानाच, हैद्राबादची तार आली: 'शोध मोठा आहे. काच रंगवणाऱ्याला ताबडतोब पाठवा. दहा डॉक्टरांसमोर त्यानं तोच जंतू पुन्हा काढून दाखवावा!'

"मुबारक हो," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या रजेचा अर्ज लिहायला बसले.