श्रीमंत तपासरावांनी मोटारीची बॅटरी राखिली त्याची हकीकत

अध्यक्षसाहेबांचे सेवेसी इमारतीचे चिटणीस यांची विनंती ऐसी जे, साहेबी पत्र पाठवून आज्ञा केली की, तळमजल्यावरील वाहनतळी, सातवे खांबापाशी, गेले आठवड्यात दिवसातून तीन वेळा मोटारीचा भोंगा वाजला आणि रहिवाशांची दुपारची झोप बुडाली, तरी तो कोणी वाजविला, कोणते मसलतीने वाजविला, आणि पुढे वाजणार किंवा कसे, हा मजकूर साद्यंत लिहोन पाठविणे. आज्ञेप्रमाणे जे डोळ्यांनी देखिले, जे जिन्यात उभे राहोन ऐकिले, आणि जे न विचारता लोकांनी वर येऊन सांगितले, ते सर्व तिखटमीठ न लावता लिहिले आहे. क्वचित लागले असल्यास क्षमा असावी, कारण बुडालेल्या झोपांत एक सेवकाचीही होती.

तिसरे मजल्यावर श्रीमंत तपासराव नांदतात. पाळण्यातील नाव निराळे, परंतु इमारतीत लहानथोर याच नावे ओळखतात. एकतीस वर्षे लिफ्ट तपासनीस या हुद्द्यावर होते. त्यांची रीत ऐसी की, सकाळी जाऊन लिफ्टचे एकूणएक बटण दाबावे, घंटा वाजवावी, दिवा पाहावा, पंखा पाहावा, दार चार वेळा उघडावे आणि मिटावे, आणि मग वहीत 'ठीक' ऐसा शेरा मारोन खाली सही ठोकावी. या रीतीने एकतीस वर्षांत त्यांचे अमलात एक माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला नाही. मग निवृत्त जाहले, आणि वही हाती राहिली, परंतु दाबावयास बटण राहिले नाही. चार दिवस घरातील मिक्सर तपासला, तो त्यांच्या बाईसाहेबांनी स्वयंपाकघराची नाकेबंदी केली. तेव्हा तपासरावांनी मोटार खरेदी केली.

मोटार निळी, देखणी, आणि चालविण्याकरिता नव्हे. हिंडावयास बस आहे, पाय आहेत, मोटार ती गरजेला असावी, ऐसा श्रीमंतांचा सिद्धांत. नऊ महिन्यांत ती दोन वेळा फाटकापर्यंत गेली आणि परतली. एक वेळ धुण्याकरिता, आणि एक वेळ सातव्या खांबास रंग द्यावयाचा होता म्हणोन. बाकी सर्व काळ खाकी आच्छादनात गोशात बसोन होती.

ऐसे असता मोटारीची बॅटरी दोन वेळा उतरली. किल्ली फिरवावी तो मोटारीने नुसते 'टक' म्हणावे आणि गप्प राहावे. दोन्ही वेळा बाजारातून बॅटरीवाला आणोन तीत जीव घालावा लागला. ही खबर परगावी नांदत्या कन्येस लागली, आणि तिने फोनवरून फर्मान सोडले, ते शब्दशः येणेप्रमाणे: "बाबा, गाडी आहे की पुतळा? रविवारी मावशीला आणायला निघेल ना? नाही निघाली तर सोमवारी मी स्वतः येऊन ती विकून टाकणार. आई, तू मध्ये बोलू नकोस."

मावशी म्हणजे बाईसाहेबांच्या थोरल्या भगिनी, ताईसाहेब. त्यांचे गुडघ्यावर शस्त्रक्रिया जाहली, सहा आठवडे इस्पितळात खिडकीकडे पाहत पडोन होत्या, आणि रविवारी त्यांची सुटका होऊन त्या या घरी राहावयास येणार ऐसे ठरले होते. लहानपणी याच ताईसाहेबांनी बाईसाहेबांस सायकलच्या मागे बसवोन आठ वर्षे शाळेत पोहोचविले होते, चढावरसुद्धा खाली उतर म्हणाल्या नाहीत. हे बाईसाहेब विसरल्या नव्हत्या. भाड्याची मोटार मागवू म्हणता त्यांनी साफ नकार दिला, आणि इस्पितळात बहिणीचा हात धरोन वचन दिले की, तुला मी माझ्याच गाडीतून नेणार. आता वचन दिले बाईसाहेबांनी आणि राखावयाचे तपासरावांनी, ऐसा प्रसंग.

तपासरावांची पाचावर धारण बसली. घरातच मसलत भरली, आणि मसलतीत श्रीमंतांनी निदान केले की, बॅटरी आपोआप उतरत नाही, कोणी उतरवितो, सबब आत कोणी गनीम आहे. प्रथम उंदरावर संशय धरिला आणि मोटारीखाली पिंजरा मांडिला, त्यात तीन दिवसांनी श्रीमंतांचाच अंगठा सापडला. मग संशय फाटकावरील पहारेकरी मामांवर गेला. मामा दुपारचे सातवे खांबास टेकोन बसतात, त्यांचा मोबाईल सदा भरलेला असतो, आणि ज्याचा मोबाईल सदा भरलेला तो वीज कोठून तरी आणीत असला पाहिजे, ऐसा तर्क. तपासरावांनी मामांस पाहोन घसा खाकरला आणि दुसरीकडे पाहिले. मामांस काय ते उमगले. त्या दिवसापासोन त्यांनी खुर्ची उचलोन उन्हात नेऊन मांडिली आणि कोणाशी बोलेनात.

आणि मग श्रीमंतांनी ती आज्ञा काढिली जीमुळे साहेबांस आम्हांस ते पत्र लिहिणे भाग पडले. पूर्वी मोटारीची तपासणी दिवसातून एक वेळ होत असे. आता संकट दारी आले, सबब सकाळ, दुपार, संध्याकाळ, ऐसी तीन वेळा व्हावी. तपासराव वही काखोटीस मारोन खाली उतरत, आच्छादन काढीत, चारी दारे उघडीत, पुढले दिवे लावोन पाहत, मागले आसनावरोन दिसत नाहीत म्हणोन मागल्या भिंतीवर उजेड पडला की नाही ते पाहत, चारी काचा खाली नेत आणि वर आणीत, पंखा सोडीत, कोरड्या काचेवर वायपर फिरवीत, रेडिओवरील बातम्या अखेरपर्यंत ऐकत, आणि भोंगा वाजवीत. भोंगा तीन वेळा, कारण एक वेळ वाजला तर तो योगायोग असू शकतो. शेवटी इंजिन चालू करोन मोठ्याने वीसपर्यंत आकडे मोजीत आणि बंद करीत. मग वहीत 'ठीक'. सोमवारी ठीक, मंगळवारी ठीक, बुधवारी भोंग्यापुढे 'किंचित खोल, परंतु ठीक'. गुरुवारी दिवे पिवळे दिसो लागले, तेव्हा श्रीमंतांनी डोळ्यांत तेल घालोन पाहावे म्हणोन ते दुप्पट वेळ लावोन ठेविले.

शुक्रवारी सकाळी किल्ली फिरविली. मोटार 'टक' म्हणाली.

तपासराव आसनावर तैसेच बसोन राहिले. पुन्हा फिरविली, पुन्हा 'टक'. भोंगा दाबिला, तो सर्दी जाहलेल्या मांजराचा आवाज निघाला. बाईसाहेबांस वर्दी गेली, त्या हाती लाटणे तैसेच घेऊन खाली आल्या, आणि त्याच क्षणी कन्येचा फोन वाजला. गाडी कशी आहे, ऐसे विचारिले. बाईसाहेबांनी क्षणभर मोटारीकडे पाहिले आणि उत्तर दिले की, छान आहे, खाली उभी आहे. यात एक अक्षर खोटे नव्हते. फोन ठेवला, आणि मग मात्र बाईसाहेबांचे डोळे भरोन आले, ते या सेवकाने जिन्यातून पाहिले. त्या म्हणाल्या, "ताईला मी काय सांगू हो? ती कालपासून पिशवी भरून बसलीय."

तेव्हा बाईसाहेबांनी स्वतः फौज हलविली आणि बॅटरीवाल्यास बोलाविले. बॅटरीवाला तिसरे वेळेस आला. माणूस इतका बुटका की, मोटारीचे झाकण उघडोन आत वाकला की कमरेवरचा दिसेनासा व्हावा. आत वीज मोजावयाचा काटा लावोन पाहिला, मान हालविली, आणि विचारिले की, गाडीला काय काय करता? तपासरावांनी अभिमानाने वही पुढे केली. बॅटरीवाल्याने हात पुसले, वही उघडली, एक पान वाचले, दुसरे वाचले, आणि तिसऱ्या पानावर खाली बसला.

"काका, हे रोज?"

"तीन वेळा," तपासराव म्हणाले.

"आणि इंजिन वीस आकडेच?"

"वीस पूर्ण. मध्ये थांबत नाही."

"चोर सापडला," बॅटरीवाला म्हणाला.

हे ऐकोन तपासरावांनी फाटकाकडे पाहिले, मामांनी उन्हातून मोटारीकडे पाहिले, आणि बॅटरीवाल्याने वहीवर टिचकी मारोन सर्व प्रकार उलगडोन सांगितला. तो ऐसा की, इंजिन चालू करावयास बॅटरीतून मोठा घास जातो, आणि तो घास भरोन काढावयास मोटार चांगली अर्धा तास रस्त्यावर पळावी लागते. येथे श्रीमंत दिवसातून तीन घास काढीत, वर दिवे, पंखा, काचा, बातम्या आणि भोंगा ऐसी खिरापत वाटीत, आणि परत भरीत वीस आकडे. "रोज नाडी बघून बघूनच मारलीत हो तिला. महिनाभर हात लावला नसता तरी चालू झाली असती."

प्रथम मामा हसले. मग बाईसाहेब हसल्या, आणि ऐशा हसल्या की लाटणे टेकोन पायरीवर बसल्या. जिन्यात सेवकानेही तोंडात रुमाल धरिला. परंतु तपासराव हसले नाहीत. वही मिटोन छातीशी धरिली आणि हळूच म्हणाले की, एकतीस वर्षांत माझ्या हातून एक लिफ्ट बंद पडली नाही. ते ऐकोन सर्वांचे हसू आटोपले. बाईसाहेब पायरीवरोन उठल्या, श्रीमंतांच्या खांद्यावर पडलेली आच्छादनाची धूळ झटकिली, आणि बोलिल्या ते असे: "अहो, लिफ्टमधून माणसं जायची यायची, म्हणून ती चालायची. या गाडीत तुम्ही कधी माणूस बसवलंत का?"

तह जाहला. बॅटरीवाल्याने बॅटरी काढोन दुकानी नेली, पोटभर भरिली, आणि शनिवारी आणोन जागी बसविली. ठरले ऐसे की, मोटार आठवड्यातून एक वेळ अर्धा तास खऱ्या रस्त्यावर पळवावी, लांब गावी जाणे जाहल्यास बॅटरीची काळी तार सोडवोन ठेवावी, आणि भोंगा समोर कोणी आले तरच वाजवावा. मोटारीची किल्ली बाईसाहेबांनी जप्त करोन डब्यांच्या फळीवर ठेविली, तेथे तपासरावांचा हात पोहोचतो परंतु धैर्य पोहोचत नाही. शनिवारचा सारा दिवस श्रीमंतांनी कसा काढिला ते वर्णवत नाही. तीन वेळा खाली उतरले. तिसरे वेळेस पहारेकरी मामांकडे गेले, त्यांची खुर्ची स्वतः उचलोन सावलीत सातवे खांबापाशी आणोन ठेविली, आणि म्हणाले, "मामा, चुकलं." मामा म्हणाले, "बसा, मोबाईल भरायचाय का?"

रविवार उजाडला. सकाळी दहा वाजता बाईसाहेबांनी किल्ली तपासरावांचे हाती दिली, आणि एकच वेळ फिरवा, ऐसी ताकीद दिली. तपासरावांनी डोळे मिटले. किल्ली फिरविली. मोटार गर्जली. मामांनी सलाम ठोकिला, तिसरे मजल्यापासून तळापर्यंत खिडक्या उघडल्या, आणि तपासरावांचा हात आनंदाने भोंग्याकडे गेला तो बाईसाहेबांनी वरचेवर पकडिला. मग स्वारी फाटकाबाहेर पडली. नऊ महिन्यांत प्रथम.

इस्पितळाचे दारी एक संकट उभे राहिले. तेथील रखवालदाराने इंजिन बंद करावयास फर्माविले. तपासरावांचे तोंडचे पाणी पळाले, परंतु नाइलाजाने बंद केले, आणि वीस मिनिटे किल्लीवरील हात न काढता बसोन राहिले. चाकांच्या खुर्चीतून ताईसाहेब आल्या, मांडीवर पिशवी, केस नीट विंचरलेले. बाईसाहेबांनी त्यांस मागे बसविले, पाय उशीवर ठेविला, आणि स्वतः शेजारी बसल्या. पुढे तपासराव एकटे. किल्ली फिरविली, आणि मोटार पहिल्याच हाकेस निघाली. श्रीमंतांचा जीव भांड्यात पडला तो मागल्या आसनावरसुद्धा ऐकू आला.

घराचा रस्ता बारा मिनिटांचा. मोटार वळणावर वळली नाही. तळ्याकाठी गेली, शाळेवरोन गेली, नव्या पुलावर चढली. ताईसाहेबांनी विचारिले, "रस्ता चुकलात का?" तपासराव म्हणाले, "नाही ताई, बॅटरी भरतोय." ताईसाहेबांस यातले काही कळले नाही. त्यांनी काच खाली करावयास सांगितले, ती तपासरावांनी तपासणीवाचोन खाली केली, आणि सहा आठवड्यांनी त्यांचे तोंडावर वारा लागला. चढ आला तेव्हा बाईसाहेब बहिणीचे कानात म्हणाल्या, "बघ, मीही तुला उतर म्हणत नाही." त्यावर दोघी ऐशा हसल्या की पुढे तपासरावांनी आणखी एक वळण मुद्दाम चुकविले.

सबब साहेबांचे पत्राचे उत्तर ऐसे की, भोंगा श्रीमंत तपासराव यांनी वाजविला, माया करोन वाजविला, आणि पुढे वाजणार नाही. कन्येस सोमवारी यावयाचे प्रयोजन उरले नाही. आता दर रविवारी दोघी भगिनी मागल्या आसनावर बसोन स्वारीस निघणार, आणि गाडी येथून सुटली की सेवक निर्धास्त झोपणार. तपासणीची वही पुराव्यादाखल मागविली होती, ती पाहोन परत केली. त्यातील अखेरची नोंद श्रीमंतांचे हस्ताक्षरी आहे, ती येथे उतरवोन घेतली, आणि हे प्रकरण फत्ते म्हणोन दफ्तरी दाखल केले:

दिवे, पाहिले नाहीत. भोंगा, वाजविला नाही. पाऊण तास फिरलो. ताई, दोन वेळा हसल्या. ठीक.