बंद चांदणी

"बाकी कुठलाही आवाज चुकला तरी चालेल," कपाटाच्या आरशावर लाकडी पिस्तूल रोखत बायकोने बजावलं, "पण माझी गोळी चुकता कामा नये. कळलं का?"

"कळलं," तो म्हणाला आणि नकळत थोडा बाजूला सरकला. पिस्तूल लाकडाचं होतं, पण रोखणारी बायको होती.

नाट्यमंडळाच्या प्रत्येक नाटकात आजवर तिच्या वाट्याला ट्रे आला होता. कधी चहाचा, कधी औषधांचा, एकदा तर नुसताच रिकामा. ट्रे घेऊन यायचं, "बाईसाहेब, पाहुणे आलेत" म्हणायचं आणि निघून जायचं. यंदा नायिकेची ऐन वेळी परगावी बदली झाली आणि ट्रेच्या जागी पिस्तूल आलं. शेवटच्या प्रसंगात "मर, नराधमा!" म्हणून खलनायकाला गोळी घालायची होती. स्पर्धेच्या हॉलमध्ये टिकल्या फोडायला मनाई असल्यामुळे गोळीचा आवाज संगणकावरून येणार होता. आणि संगणकावर बसणार होता तिचा नवरा.

नवरा छापखान्यात मुद्रितशोधक होता. किडकिडीत, अबोल, दुसऱ्यांच्या वाक्यांत आयुष्य काढलेला. मंडळाच्या सूचनाफलकावरच्या चुकासुद्धा तो येता-जाता पेन्सिलीने हळूच दुरुस्त करायचा. म्हणून सगळे त्याला 'अनुस्वार' म्हणत. वर बसतो, पण पटकन दिसत नाही, असं मंडळाचे नाटककार आणि दिग्दर्शक वकीलसाहेब त्याचं स्पष्टीकरण देत.

मंडळाच्या आजवरच्या सगळ्या नाटकांचे आवाज अनुस्वारच्या घरच्या संगणकावर एकाच फोल्डरमध्ये नांदत होते. तो काही पुसत नसे. वकीलसाहेबांनी एखादा आवाज कापला, की तो त्या फाइलच्या नावाआधी 'बंद' लिहून मोकळा व्हायचा. बंद-कोंबडा. बंद-आगगाडी. बंद-म्हैस, ही तर एका कौटुंबिक शोकांतिकेतून कापलेली. बंद मंडळींची संख्या चालू मंडळींपेक्षा कितीतरी जास्त झाली होती.

गंमत सुरू झाली ती हॉलच्या तंत्रज्ञामुळे. त्याने फोनवर सांगितलं, "पेनड्राइव्ह आणायचा नाही. रोग पसरतात. सगळे आवाज एका झिपमध्ये बांधा आणि मेल करा. आणि हो, लहान झिप. मोठी आली तर आमचा मेल परत पाठवतो."

मेलने अनुस्वारची झिप तीनदा परत पाठवली. शेवटी त्याने परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावला.

"सोप्पंय, बाबा," लेक म्हणाली. "गठ्ठा बांधताना काय वगळायचं ते विचारतो ना तो? तिथे लिहा, बंद चांदणी."

"चांदणी? आभाळातली?"

"कीबोर्डवरची हो! आठाच्या डोक्यावर बसते ती. चांदणी म्हणजे काहीही. 'बंद'च्या पुढे काहीही असो, ते सगळं बाहेर."

"काहीही?"

"काहीही!"

शेजारून बायको म्हणाली, "काहीही!" पण तिचा अर्थ वेगळा होता. अनुस्वारने घरात तोंड उघडलं, की ती हा एकच शब्द वापरायची.

त्याने 'बंद' लिहिलं, पुढे चांदणी काढली. काहीतरी राहिलंय असं त्याला वाटलं. पण काहीतरी राहिलंय असं त्याला घराला कुलूप लावताना, जेवताना आणि स्वतःच्या लग्नातही वाटलं होतं. त्याने बटण दाबलं. म्हैस, कोंबडा, आगगाडी सगळे बाहेर राहिले. झिप सडसडीत झाली आणि मेलने ती मुकाट्याने नेली.

प्राथमिक फेरीच्या दिवशी हॉल भरला होता. रंगमंचाच्या कडेला, काळ्या पडद्याआड, तंत्रज्ञाने अनुस्वारला संगणकापुढे बसवलं आणि "काही बिघडलं तर मला हाक मारू नका" असा धीर देऊन तो निघून गेला. अनुस्वारने पाऊस वाजवून पाहिला, दार वाजवून पाहिलं. दोन्ही उत्तम. उगाच घाबरतो आपण, असं म्हणून त्याने घाम पुसला.

पडदा उघडला. पहिला अंक झकास चालला होता. अंकाच्या शेवटी नायक, म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, नायिकेचा हात सोडून म्हणाले, "ऐकलास हा भोंगा? माझी बोट निघाली!"

कुणालाच काही ऐकू आलं नाही.

अनुस्वार यादीत भोंगा शोधत होता. यादीत तो नव्हताच.

"ऐकलास ना?" नायकाने पडद्याआड डोळे वटारत विचारलं.

"ऐकला," बायको शांतपणे म्हणाली. "फार लांबून येतोय." आणि पहिल्या अंकाचा पडदा पडला.

अनुस्वार यादी पुन्हा वरून खाली वाचत होता. भोंगा गेला कुठे? त्याने स्वतःच तर त्याला नाव दिलं होतं, बंदर-भोंगा. बंदर. बंद... र. म्हणजे 'बंद'च्या पुढे काहीही. म्हणजे बंदर. म्हणजे...

"बंदूक!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की मध्यंतरात चहा पिणारे वकीलसाहेब कप हिंदकळत धावत आले.

"कुठे आहे बंदूक?"

"घरी," अनुस्वार रडवेल्या आवाजात म्हणाला. "बंदूक-बार नावाची फाइल. चांदणीने खाल्ली."

"कोण चांदणी? आपल्यात कुणी चांदणी नाही!"

सगळं समजावून सांगेपर्यंत वकीलसाहेबांचा चहा गार झाला आणि डोकं तापलं. "अहो अनुस्वार, गोळीशिवाय खलनायक मरणार कसा? आमचे दंतवैद्य कारण असलं तरी लवकर मरत नाहीत!"

हे खरं होतं. खलनायक झालेले दातांचे डॉक्टर दिवसभर दवाखान्यात लोकांचं कण्हणं ऐकायचे. स्वतःला कण्हायची संधी मिळाली, की ते सहजासहजी सोडत नसत. तालमीत ते इतका वेळ मरायचे, की बाकीचे नट तेवढ्यात घरी फोन करून घेत.

"हिला सांगू नका," अनुस्वार हात जोडून म्हणाला. "घाबरेल ती. मी करतो काहीतरी."

त्याने उपाहारगृहातून कागदी पिशवी मागून आणली. फुगवून फोडली की बार होतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. मग लेकीला फोन लावून झालेलं सांगितलं.

"बाबा, 'बंद'नंतर डॅश नाही टाकलात?" लेक किंचाळली. "बंद, डॅश, चांदणी!"

"तू डॅश म्हणाली नाहीस."

"ते गृहीत असतं हो!"

"संगणक काही गृहीत धरत नाही, असं तूच म्हणतेस ना?" तो कुजबुजला. पण खरं दुःख वेगळंच होतं. आयुष्यभर लोकांची राहिलेली संयोगचिन्हं घालत आला तो. आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी नेमकं तेच राहिलं.

"बरं, दुसऱ्या नावाने एखादी प्रत आत गेली असेल तर बघू. शोधा. चांदणी, बार, पुन्हा चांदणी. म्हणजे नावात कुठेही 'बार' असेल ते येईल. फोन ठेवू नका."

दुसऱ्या अंकाचे आवाज सांभाळत तो लिहीपर्यंत अंक संपत आला होता. रंगमंचावर बायकोने पिस्तूल उचललं. प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"मर, नराधमा!"

अनुस्वारने पिशवीवर जिवाच्या आकांताने हात मारला. पिशवी वड्यांची होती, तेलाने मऊ झालेली. ती म्हणाली, "फुस्स."

डॉक्टरांनी मरायला उचललेला पाय तसाच हवेत ठेवला.

"आलं का काही?" फोनमधून लेक म्हणाली.

"तीन आलेत."

"मग वाजवा!"

"कुठला?"

"काहीही वाजवा, बाबा!"

तिन्ही फाइली एकदमच निवडल्या जाऊन निळ्या झाल्या होत्या. अनुस्वारने डोळे मिटले आणि एंटर दाबलं.

हॉलभर तुतारी घुमली. मागच्या वर्षीच्या ऐतिहासिक नाटकातली, राजेसाहेब येताना वाजायची ती. फाइलचं नाव दरबार-तुतारी. ती बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इमानाने चालू राहिली होती. डॉक्टर दचकले आणि सवयीने त्यांनी मान लववली. मागच्या वर्षी राजे तेच होते.

अनुस्वारने पडद्याच्या फटीतून बायकोकडे पाहिलं. तिने पिस्तूल अजून तसंच रोखून धरलं होतं. आता ती रडणार, लोक हसणार आणि उद्यापासून पुन्हा ट्रे, हे त्याला स्पष्ट दिसलं.

बायकोने पिस्तूल सावकाश खाली केलं. "ऐकलंस?" ती म्हणाली. असा आवाज त्याने घरातसुद्धा ऐकला नव्हता. "तुझ्यावर गोळी कशाला वाया घालवू? वर तुझ्या स्वागताची तुतारी वाजते आहे!"

तेवढ्यात दुसरी फाइल लागली. बारा-ठोके. ठण्ण!

"आणि हे बघ," ती गरजली, "तुझे बारा वाजले!"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर स्वर्गीय आनंद पसरला. बारा! पहिल्या ठोक्याला त्यांनी छाती धरली, दुसऱ्याला खुर्ची, तिसऱ्याला नायकाचा शर्ट. ठोक्यागणिक ते नवं काहीतरी धरून मरत गेले आणि शेवटच्या ठोक्याला टेबलक्लॉथसकट खाली आले. मग तिसरी फाइल सुरू झाली, बारीक-पाऊस. बायकोने छताकडे पाहिलं, तळहात पुढे केला आणि हळूच म्हणाली, "पापी माणूस असला तरी आभाळाला रडू येतंच."

टाळ्या थांबेनात. दोन परीक्षक डोळे पुसत होते. आपण अंतिम फेरीत गेलो हे कळताच वकीलसाहेबांनी शेवटाची ही कल्पना आपल्याला आधीपासून सुचली होती, असं सांगायला सुरुवात केली.

"अंतिम फेरीत हेच, असंच," त्यांनी अनुस्वारला बजावलं. "तोच शोध, तेच एंटर. स्वतःचं डोकं चालवायचं नाही!"

डॉक्टर तर कामालाच लागले. बारा ठोक्यांना बारा प्रकारे कसं मरायचं, याचा सराव ते दवाखान्यात करू लागले. तोंड उघडं ठेवून खुर्चीत अडकलेल्या पेशंटांना तो बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हॉलचा संगणक प्रत्येक प्रयोगानंतर पुसला जाई. म्हणून अनुस्वार पुन्हा झिप बांधायला बसला. वगळायच्या रकान्यात जुनं 'बंद' आणि त्याला चिकटलेली चांदणी तशीच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मान फिरवली, पुन्हा पाहिलं. गोळी तर वाजवायची नव्हती. पण चूक डोळ्यांसमोर असताना पुढच्या ओळीवर जाणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. त्याने मध्ये अलगद संयोगचिन्ह घातलं. बंदर परत आलं. बंदूक परत आली. अनुस्वारला फार बरं वाटलं.

अंतिम फेरीत भोंगा ऐन वेळेला असा वाजला, की नायकच दचकला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायकोने पिस्तूल उचललं, "मर, नराधमा!" म्हटलं आणि ठरल्याप्रमाणे काहीच झालं नाही. अनुस्वारने चांदणी-बार-चांदणी शोधलं, सगळं निवडलं, एंटर दाबलं. तुतारी घुमली. बायको म्हणाली, "ऐकलंस? तुझ्यावर गोळी कशाला वाया..."

ठ्ठो!

तुतारीनंतर आणि ठोक्यांआधी, वर्णमालेत आपल्या हक्काच्या जागी, बंदूक-बार येऊन बसली होती.

"आई गं!" डॉक्टर ओरडले आणि खरोखरच्या भीतीने उताणे पडले. बायकोनेही किंकाळी फोडून पिस्तूल फेकलं. ते नाटककाराच्या, म्हणजे पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या वकीलसाहेबांच्या पायावर पडलं. त्यामुळे तिसरी किंकाळी.

ठण्ण!

पडल्या पडल्या डॉक्टरांनी एक डोळा उघडला. बारा ठोके! आणि आपण तर आधीच मेलो! एवढा सराव! दुसऱ्या ठोक्याला त्यांना राहवलं नाही. ते उठले, छाती धरून मेले. तिसऱ्याला पुन्हा उठले.

"अजून जिवंत?" बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"नाही, मेलो," डॉक्टर म्हणाले आणि मेले. ठण्ण! पुन्हा उठले.

सगळा हॉल ठोके मोजू लागला. सहाव्याला ती म्हणाली, "आता पुरे हं." नवव्याला तिने कोपऱ्यातला ट्रे उचलला. बाराव्या ठोक्याला तो त्यांच्या डोक्यावर असा वाजला, की त्यापुढे कुठल्याही फाइलची गरज उरली नाही. डॉक्टर एकदाचे मेले. बारीक पाऊस पडला, पण हसण्याच्या गदारोळात तो कुणालाच ऐकू आला नाही.

नाटकाला काही मिळालं नाही. परीक्षकांना ते शोकांतिकेत बसवावं की कशात, हेच ठरवता आलं नाही. अभिनयाचं पहिलं बक्षीस मात्र बायकोला मिळालं. प्रशस्तिपत्रात तिच्या किंकाळीचा खास उल्लेख होता. 'किंकाळी'वरचा अनुस्वार राहिला होता, तो तिच्या नवऱ्याने पेन्सिलीने घातला.

पुढच्या वर्षीच्या नाटकाची संहिता वकीलसाहेबांनी तपासायला त्याच्याच घरी पाठवली. तो लाल पेन घेऊन बसला. ऱ्हस्व, दीर्घ, स्वल्पविराम सुधारत सुधारत शेवटच्या पानावर आला आणि थबकला. नायिका दारात उभी, खलनायक समोर. खाली कंसात सूचना होती, 'आवाज', आणि त्यापुढे फक्त एक चांदणी.

त्याने लाल पेन वर धरलं. मग टोपण लावून खिशात ठेवलं.

बायकोने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "हे काय लिहिलंय त्यांनी?"

तो नुसता लाजल्यासारखा हसला. तिने ती चांदणी पुन्हा एकदा पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि तीही हसायला लागली.

"काहीही!" ती म्हणाली.

या वेळी अर्थ बरोबर होता.