सिग्नलला भरणारी हुडहुडी

गाडी गॅरेजला न्यायचीच आहे तर जरा बरी दिसू दे, एवढंच तिने ठरवलं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

सासऱ्यांनी वापरून दिलेली ही जुनी गाडी धावायची झकास; पण सिग्नलला उभी राहिली की मधूनच हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. मागे तान्ही लेक. ऐन चौकात इंजिन बंद पडलं तर, या धास्तीने ती लांबच्या गल्ल्यांतून जायची. नवरा एकटा चालवायचा तेव्हा मात्र गाडी मुकाट.

"अगं, लेक झाल्यापासून तुला सगळंच थरथरताना दिसतं!" तो म्हणायचा. (छताचा पंखाही निसटेल असं वाटतं, हे त्याला सांगायला नको होतं.)

म्हणून तिने सीटवरचा बिस्किटांचा चुरा झटकला, दूध गरम करायचं यंत्र डिकीत लपवलं, एसी, दिवे सगळं बंद केलं आणि पुन्हा एकदा गॅरेज गाठलं. गाडी तिथे चालू इंजिनावर उभी राहिली ती हेडमास्तरांसमोर राहावी तशी. हूं नाही की चूं नाही.

"कॉम्प्युटर लावला ताई. काही फॉल्ट नाही म्हणतो," मेकॅनिक म्हणाला.

"मग त्या कॉम्प्युटरलाच उभं करा सिग्नलला!"

"तुम्हाला भास..." म्हणत तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

भास! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात लेकीने भोकाड पसरलं. तिने डिकीतून यंत्र काढून गाडीतल्या सॉकेटला लावलं, काच धुरकट झाली म्हणून एसी आणि मागची काच तापवायचं बटण दाबलं. आणि गाडी थडथडू लागली!

"आत्ता! आत्ता या!" ती किंचाळली. तो धावत आला. त्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून तिने अदबीने सगळं बंद केलं. गाडी शांत.

"ताई, काय गंमत करताय?"

"गंमत? मी? थांबा तुम्ही!" तिने तरातरा एकेक बटण परत चालू केलं आणि गाडी अशी हलली, की बॉनेटवर ठेवलेला त्याचा पाना घरंगळून त्याच्याच बुटावर पडला.

मग तो हसायचा थांबला. उभ्या गाडीत इंजिनला लागेल तशी हवा देणारा व्हॉल्व्ह काजळीने भरला होता. विजेचा भार वाढला की इंजिनवर ताण यायचा, हवा कमी पडायची आणि ती दर वेळी भार उतरवूनच गाडी दाखवायला आणायची. मेकॅनिकने व्हॉल्व्ह साफ करून दिला.

संध्याकाळी नवऱ्याला बसवलं स्टिअरिंगवर. एसी, दिवे, दूध, सगळं चालू. प्रत्येक सिग्नलला गाडी गुळगुळीत.

"बरं बाई, होतं काहीतरी."

"काहीतरी नाही. दोष गाडीत होता म्हण. माझ्यात नव्हता."

"गाडीत होता. तुझ्यात नव्हता."

इतक्या महिन्यांनी तिचं कोणीतरी खरं मानलं होतं! घर आलं, गाडी दारात लागली. लेक मागे गाढ झोपलेली. आणि तिने दचकून त्याचा दंड धरला.

"अरे, परत! जाणवतंय ना तुला? सीटसुद्धा हलतेय!"

त्याने केव्हाच काढून घेतलेली किल्ली तिच्या डोळ्यांसमोर धरली आणि नजर खाली नेली. लेकीला झोपवायच्या सवयीने तिची रिकामी मांडी एकटीच जोरजोरात हलत होती.