द्वारकाबाई खांबेटे यांनीं दार अडविलें त्याची बखर

श्री. शून्यास नमन, जें आपण कांहीं नसोन शेजाऱ्याची किंमत वाढवितें. शके १९४१ विकारीनाम संवत्सरीं मोजणीच्या राज्यांत मुख्य आसन रितें जाहलें, आणि त्यावरून जें वर्तमान घडलें तें येणेंप्रमाणें.

या राज्यांत हत्तीघोड्यांस कोणी पुसत नाहीं. एकानें सिद्ध केलेली गोष्ट दुसऱ्यानें आपल्या लेखांत वापरिली तर तळटीपेंत पहिल्याचें नांव घ्यावें, आणि ज्याचें नांव बहुतांनीं घेतलें तो मातबर, ऐसी चाल. तेथें द्वारकाबाई खांबेटे म्हणोन थोर बुद्धीच्या बाई होत्या. तरुणपणीं भाचीच्या लग्नांत पंगत बसवावयाचें काम त्यांजकडे आलें, आणि वऱ्हाडांतील निम्मे लोक एकमेकांशीं अबोला धरोन बसलेले, आत्या मामंजींशेजारीं बसेनात, मामंजी व्याह्यांचें तोंड पाहीनात. रुसलेले शेजारीं न येतां ही पंगत किती तऱ्हांनीं बसेल, ऐसा बाईंनीं विचार आरंभिला, आणि मग वऱ्हाड जेवोन गेलें, मांडव निघाला, तरी बाई विचारच करीत राहिल्या, आणि अखेरीस एकेक तऱ्हा न मांडतां सर्वांची मोजणी सांगणारी युक्ति हातीं आली. तीस रुसव्याची मोजणी म्हणों लागले. पारख्यांनीं उलटीसुलटी तपासिली, खोट निघाली नाहीं. मग दूरदेशींच्या विद्वानांनीं ती उचलिली, गाड्यांचीं वेळापत्रकें म्हणों नका, परीक्षांच्या बैठकी म्हणों नका, सर्वत्र लागू पडली, आणि बाईंचें नांव जागोजाग घेतलें जाऊं लागलें.

पुढें विपरीत जाहलें. मोजणी इतकी रुळली कीं नांव घ्यावयाचें लोकांस सुचेना. आरंभीं "खांबेटेबाईंनीं दाखविल्याप्रमाणें" ऐसें लिहीत, मग "रुसव्याच्या मोजणीवरून" लिहूं लागले, आणि मग निव्वळ "हें सर्वांस ठाऊकच आहे." बाई वरकरणी हांसत, परंतु मनास फार लागलें. आपलें लेकरूं गांवभर जेवतें आणि आई कोण हें कोणी विचारीत नाहीं, याचें दुःख त्यांस होतें.

इकडे विसाजीपंत घैसास यांनीं निराळाच डाव मांडिला. शिष्य जमवोन, तुम्हीं माझें नांव घ्यावें, मी तुमचें घेतों, ऐसा करार केला आणि नांवांची रास पाडिली. आसन रितें होतांच बाईंनीं आणि पंतांनीं त्यासाठीं अर्ज केले. श्रीमंत अधिपतींनीं दोघांचीं नांवें मोजविलीं, तों पंत भारी भरले. बाईंची शिष्या काशीबाई हळूच म्हणाली, "बाई, अर्ज मागें घ्यावा. चारचौघांत शोभा होईल."

"होईल खरी," बाई म्हणाल्या. "कोणाची, तें पाहूं."

आणि मग भर दरबारांत बाईंनीं विनंती केली कीं, आसन पंतांस खुशाल द्यावें, परंतु रिवाजाप्रमाणें त्यांनीं आपला थोर सिद्धांत फळ्यावर मांडावा. पंत डौलानें उठले, खडू घेतला, कांहीं ओळी झरझर लिहिल्या आणि म्हणाले, "येथून पुढचें सर्वांस ठाऊकच आहे."

बाई उठोन फळ्यापाशीं गेल्या, आणि नवी नवरी घरांत येतां करवली उंबरठ्यावर उभी राहते तैशा आडव्या उभ्या राहिल्या. "मला ठाऊक नाहीं. सिद्ध करा आणि पुढें चला."

पंतांनीं लिहिलें, पुसलें, पुन्हा लिहिलें. कपाळास घाम आला आणि खडूची पूड अंगरख्यावर पडली. श्रीमंत म्हणाले, "पंत, अडलांत काय?"

"अडलों नाहीं, श्रीमंत. जुनी गोष्ट आहे, इतकेंच."

"जुनी खरी," बाई म्हणाल्या, "पण कोणाची? दार अडविलें आहे, पंत. नांव घ्या, आंत सोडतें."

सभेंत खसखस पिकली. पंतांनीं मान खालीं घातली आणि ओठांतल्या ओठांत कांहीं पुटपुटले. मागील बांकावरून काशीबाई म्हणाली, "ऐकूं आलें नाहीं."

"द्वारकाबाई खांबेटे," पंत मोठ्यानें म्हणाले, आणि बाई बाजूस जाहल्या.

मग श्रीमंतांनीं हुकूम केला कीं, जेथें जेथें "सर्वांस ठाऊक" लिहिलें तेथें तेथें कोणाचें काम दडलें आहे तें पाहोन मोजणी फिरोन करावी. केली, तों पंतांचा सारा शिष्यमेळा बाईंच्याच दारांतून आंत आलेला निघाला, आणि आसन बाईंस दिलें.

एकंदर हकीकत ऐसी. बाईंनीं आसनाचा कारभार उत्तम केला, पंतही पुढें तळटीपा नीट लिहूं लागले. "सर्वांस ठाऊक" हे शब्द कांहीं राज्यांतून गेले नाहींत. परंतु ते लिहितांना विद्वान अद्याप एकवार मान वर करोन पाहतात, दारांत कोणी उभें तर नाहीं.