काटेसाहेबांचा जीपीएस

काटेसाहेबांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. असं त्यांचं स्वतःचं मत होतं आणि ते त्यांनी कधी कोणापासून लपवून ठेवलं नव्हतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेली. बाजारानं त्यांना हे नाव दिलं ते तराजूच्या काट्यावरून. काही दुकानदार मात्र पायात रुततो त्या काट्यावरून म्हणायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा ते माणसं तपासू लागले. दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे, नाही हसला तर जास्त आहे.

या स्वभावाचा खरा त्रास व्हायचा गाडी चालवताना. रस्ता विचारला आणि एकानं डावीकडे सांगितलं, की ते दुसऱ्याला विचारायचे. दुसऱ्यानंही डावीकडेच सांगितलं, की ते बायकोकडे बघून हळूच म्हणायचे, "दोघांचं आधीच ठरलेलं दिसतंय." मग गाडी उजवीकडे वळायची. अशानं बायकोच्या मावसभावाच्या निरोपसमारंभाला ते पोहोचले तेव्हा तिथे मांडववाले खुर्च्या टेम्पोत भरत होते.

त्या दिवशी बायको म्हणाली, "आता एक तर रस्ता दाखवणारं यंत्र घ्या, नाहीतर मी यापुढे बसनं जाते."

"फोनमध्ये असतं ना," असं शेजारणीनं सुचवून पाहिलं होतं, पण फोनला कान असतात हे काटेसाहेबांचं ठाम मत. तेव्हा वेगळं, गाडीच्या काचेला चिकटवायचं, साधं आणि स्वस्त यंत्र घ्यायचं ठरलं. "घेतो," ते म्हणाले, "पण डोळ्यांत तेल घालून घेतो."

गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात ते गेले. दुकानदारानं काउंटरवर तीन जीपीएस मांडले आणि विचारलं, "काका, किती फिरता?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"म्हणजे त्याप्रमाणे सांगता येईल."

"महिन्यातून एकदा. कधी दोनदा."

"मग हा सगळ्यात स्वस्तातला घ्या. नकाशा आहे, आवाज आहे, पडदाही बऱ्यापैकी मोठा आहे. बाकीच्यांत ज्या गोष्टी आहेत त्या तुम्हाला लागणारच नाहीत."

काटेसाहेब सावध झाले. उभ्या हयातीत त्यांनी असा दुकानदार पाहिला नव्हता. महाग माल समोर असताना जो स्वस्त गळ्यात मारतो, त्याच्या स्वस्त मालात काहीतरी काळंबेरं असलंच पाहिजे. ते तडक समोरच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं त्यांना सगळ्यात महागाचा जीपीएस दाखवला आणि स्वस्त घ्याल तर खड्ड्यात जाल, अशी भीतीही घातली. हे मात्र त्यांना ओळखीचं होतं. हा माणूस सरळ सरळ लुबाडत होता. त्यात लपवाछपवी नव्हती. तिथे अर्धा तास मन रमवून ते पहिल्या दुकानात परत आले.

"या पेटीवर लिहिलंय, आयुष्यभर नकाशे मोफत," त्यांनी बोट ठेवलं. "कोणाचं आयुष्य?"

"म्हणजे?"

"माझं, का यंत्राचं?"

दुकानदारानं पेटी उलटीसुलटी करून पाहिली. "यंत्राचं असावं."

"आणि ते किती?"

"काका, ते जपण्यावर आहे."

"बरं. आता मी कुठे आहे हे त्या वरच्या उपग्रहाला कळणार?"

"नाही नाही. उपग्रह नुसता बोलतो, हे यंत्र नुसतं ऐकतं. कोणाला काही सांगत नाही."

नुसतं ऐकून कोणाला काही न सांगणारा प्राणी काटेसाहेबांना नोकरीभरात भेटला नव्हता. पण त्यांनी यंत्राची चकती काच पकडते का ते तीनदा ओढून पाहिलं, पावती उजेडात धरून वाचली आणि शेवटी तोच जीपीएस घेतला.

दुकानदारानं तो चालू करून दिला. पडद्यावर पहिलाच प्रश्न उमटला: घराचा पत्ता टाका.

"बघितलंत?" काटेसाहेब म्हणाले. "आल्या आल्या घर विचारतंय."

"नको असेल तर सोडून द्या. नंतर टाका."

सोडून द्या म्हणतोय, म्हणजे सोडल्यावर ते आपणच शोधून काढत असणार. काहीतरी पत्ता द्यायला तर हवा, पण असा द्यायला हवा, की उद्या ही माहिती चोरांच्या हाती पडली आणि ते तिकडे गेले, तरी आपल्याला फारसं वाईट वाटू नये. असा एकच पत्ता काटेसाहेबांना तोंडपाठ होता. त्यांनी एकेक अक्षर दाबत साडूचा पत्ता घातला.

हा साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शेजारच्या गावात त्याचं किराणा दुकान होतं. नोकरीत असताना एकदा पाहुणे म्हणून गेले, तेव्हा काटेसाहेबांनी गंमत म्हणून त्याचा तराजू तपासला. तराजू चुकीचा निघाला, पण गिऱ्हाइकाला थोडं जास्तच देणारा. साडू हसला. काटेसाहेब हसले नाहीत. चूक ती चूक, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे, ताईंनी पुढ्यात ठेवलेला चहा पीत, साडूला दंड ठोकला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं. बहिणी चोरून फोनवर बोलायच्या, आणि काटेसाहेबांना तो संशय होताच.

यंत्र गाडीत बसलं. घराकडे यायचं झालं की काटेसाहेब त्यात चौकातल्या औषधाच्या दुकानाचं नाव घालायचे आणि तिथून पुढे आपले आपण घरी यायचे. बायकोनं कारण विचारलं नाही. संसारात कारणं विचारणं तिनं फार पूर्वीच सोडलं होतं.

मग एका रविवारी खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे ते दोघं जेवायला गेले. परतताना काटेसाहेब पेट्रोल पंपावर थांबले आणि पंपवाल्याला पाच लिटरचं माप आणायला लावून तेल मोजून घेऊ लागले. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले. गाडीत बसल्या बसल्या बायकोनं विचार केला, निदान पुढचा वेळ तरी वाचवू. तिनं जीपीएसचा पडदा चाळला. एका कोपऱ्यात छोटंसं घराचं चित्र दिसलं. ते असताना औषधाचं दुकान कशाला, असं म्हणून तिनं त्यावर बोट टेकवलं.

माप बरोबर भरल्यामुळे काटेसाहेब जरा नाराजच होऊन परत आले. "दुकान लावलंस?"

"लावलं," ती म्हणाली. घर काय आणि दुकान काय, चार पावलांचा फरक.

यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "पुढे डावीकडे वळा."

"येताना आपण इकडून आलो नव्हतो," काटेसाहेब म्हणाले.

"जवळचा रस्ता असेल."

"ही बाई मला कुठेतरी नेतेय."

"अहो," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर थकलेला होता, "आयुष्यात एकदा तरी कोणावर तरी विश्वास ठेवा. माणसावर जमत नाही, निदान यंत्रावर ठेवून बघा."

ते त्यांना लागलं. ओठ घट्ट मिटून ते बाई सांगेल तसे वळत राहिले. कालवा आला, विटांचा भट्टा आला, एक पूल आला. प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटू लागली आणि का ओळखीची हे आठवेना. आठवलं तेव्हा गल्ली इतकी अरुंद झाली होती, की गाडी वळवायला जागा नव्हती.

"आपण आपल्या घरी पोहोचला आहात," बाई म्हणाली.

समोर साडू दारात खुर्ची टाकून बसला होता. गाडी पाहून तो उठला, आत वळून ओरडला, "अगं, दुकानातला तराजू झाकून ठेव. साहेब आलेत."

काटेसाहेबांनी मागे जायचा गिअर टाकला. पण बायको आधीच उतरली होती. तिनं एकदा घराकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं तिनं लग्नानंतरची पहिली एक-दोन वर्षंच पाहिलं असेल.

"तुम्ही ताईचं घर 'घर' म्हणून ठेवलंत?"

काटेसाहेबांनी तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं: हा पत्ता मी चोरांसाठी ठेवला होता. ते वाक्य जिभेवर आलंही. तेवढ्यात ताई पदराला हात पुसत धावत आल्या, आणि बायकोनं त्यांना गाडीपाशी ओढून आणून तो पडदा दाखवला. ताईंनी वाचला आणि डोळ्यांना पदर लावला. दोघी बहिणी रस्त्यातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

साडू मात्र सहजासहजी विरघळणारा नव्हता. तो चष्मा लावून गाडीत वाकला. पत्ता वाचला. घर क्रमांक पडताळला. मग सरळ होऊन म्हणाला, "हे कधी घातलंत?"

"घेतला त्याच दिवशी," काटेसाहेब म्हणाले. हे खरं होतं.

"आणि मनापासून?"

"पुष्कळ विचार करून," काटेसाहेब म्हणाले. हेही खरंच होतं.

साडूनं चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यानं गाडीचं दार उघडून धरलं. "उतरा. चहा होतोय. दंड मी भरलाय, विसरलो मात्र नव्हतो. आता विसरतो."

संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. बहिणींचं बोलणं संपेना. साडूनं दंडाची गोष्ट स्वतःच रंगवून सांगितली आणि काटेसाहेबांनाही हसू आलं, तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांचं त्यांनाच वाटलं. परतीच्या वाटेवर बायको गुणगुणत होती. काटेसाहेब मनात म्हणत होते, की ही गोष्ट आपल्याबरोबरच जाईल. कोणाला कळणार नाही.

पुढच्याच महिन्यात साडू आणि ताई त्यांच्याकडे राहायला आले. साडूनं नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती आणि तिच्या काचेवर तस्साच स्वस्तातला जीपीएस.

"या, गंमत दाखवतो," म्हणत त्यानं सगळ्यांना गाडीपाशी नेलं आणि कोपऱ्यातलं घराचं चित्र दाबलं. काटेसाहेबांचा पत्ता उमटला, मजल्यासकट.

दोघी बहिणींचे डोळे परत भरून आले. काटेसाहेबांनी साडूला जरा बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "माझाच पत्ता का हो घातलात?"

"तुम्ही माझा का घातला होतात?" साडू म्हणाला.

काटेसाहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. साडू प्रेमानं हसत होता. दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघून हसतो, अगदी तसाच.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी काटेसाहेबांनी सुताराला बोलावून दाराला जास्तीचं एक कुलूप बसवून घेतलं. बायकोनं या वेळी मात्र कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "आता येणंजाणं वाढलंय ना."