शेअर गेले दुकानात

"लाँड्री बंद. एक तारखेपासून जागा भाड्यानं," दादानं जाहीर केलं आणि धाकटीच्या दातात धरलेली पिनच खाली पडली.

भांडायची सोय नव्हती. बाबांनी लाँड्रीची चक्क कंपनी करून ठेवलेली. शेअर दहा, सहा दादाचे, चार धाकटीचे. मत टाकायची वेळ आली की दादा जिंकणार, मग धाकटीनं वर्षानुवर्षं वाफेत उभं राहून दुकान चालवलेलं का असेना.

त्यात दादा नोकरीला एका बड्या कंपनीत. त्या कंपनीनं नेमका तेव्हाच बायबॅक काढला, म्हणजे स्वतःचेच शेअर लोकांकडून परत विकत घेतले. झालं, दादा हवेत.

"बंद करायच्या आधी आपणही करू," तो म्हणाला. "पैसा पडून असला की मोठ्या कंपन्या हेच करतात. शेअर कमी, भाव जास्त."

"पडून कुठंय? नव्या मशीनसाठी ठेवलाय."

"बंद दुकानाला मशीन कशाला? माझे तीन शेअर लाँड्री घेईल, मी गाडी घेईन."

"आणि ते तीन शेअर?"

"दुकानातच राहणार की. दुकान कुणाचं? माझं. या खिशातले त्या खिशात."

धाकटीनं तोंड उघडलं. मग मिटलं. "सही कुठे करू?" एवढंच विचारलं.

दादाला वाटलं, आली वठणीवर. वकीलकाकांनी कागद केले, गाडी आली, आणि इकडे जुन्या मशीननं मान टाकली. धाकटीनं आठवडाभर चादरी हातानं पिळल्या, पण हूं की चूं नाही.

मग मीटिंग, दुकानातच.

"बंद करायच्या बाजूनं?" वकीलकाकांनी विचारलं.

"सहा," दादा उभा राहून म्हणाला.

"तीन."

"अहो काका, बाकीचे तीन दुकानाकडे आहेत ना?"

"दुकान काय हात वर करणार? लाँड्रीनं घेतले, तिथंच ते रद्द झाले."

"विरोधात चार," धाकटी म्हणाली आणि हात ताठ वर केला.

दादा मागे न बघता मटकन बसला.

शर्टाला बटण लावत बसलेल्या वहिनीनं मान वर केली. "अहो, मोठ्या कंपन्या हे नेमकं कशासाठी करतात?"

"जो विकत नाही त्याचा वाटा आपोआप मोठा होतो," दादा सवयीनं बोलून गेला.

"अस्सं. आणि आपण?"

दादानं गाडीची किल्ली हळूच खिशात सारली.

"दादा, ऊठ," धाकटी म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या कोटावर बसलायस. आता परत इस्त्री करावी लागेल. तुलाच."